रुईची हळद

आमच्या सासूबाईंचं रुईच्या झाडाशी हाडवैर होतं. कुंपणाच्या कडेला, ओहोळाच्या दरडीवर, मारुतीच्या देवळामागे, कुठेही रुईचं रोप डोकं वर काढताना दिसलं की त्या विळा घेऊन निघायच्या. चीक डोळ्यात गेला तर आंधळ्या व्हाल, असं मी लग्न झाल्यापासून सांगत आले. ऐकतील तर शपथ. शनिवारी मारुतीला पानांची माळ घालायची म्हटली तर आम्हाला दुसऱ्याच्या बांधावर जावं लागे, कारण आमच्या जमिनीत रुई औषधालासुद्धा उरली नव्हती.

मी स्वभावाने संशयी आहे. आटगाव स्टेशनपासून डोळखांबच्या बाजूला आत आमचं गाव, आणि त्या गावातल्या बायकांचे ब्लाउज मी शिवते. हा धंदाच संशयाचा. टेप लावली की कोणाचा दंड कशाने सुकला आणि कोणाची कंबर कशाने सुटली हे तिच्या सासूच्या आधी मला कळतं. माझा संशय निम्म्या वेळा खरा ठरतो आणि उरलेल्या निम्म्या वेळा पुढच्या वर्षी खरा ठरतो, असं आमचे हे म्हणतात. तेव्हा सासूबाईंच्या रुईबद्दल मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. आधी वाटलं, करणीबिरणीचं काहीतरी असेल. मग वाटलं, कुंपणाशी काही पुरून ठेवलंय आणि त्याचा कोणाला पत्ता लागू नये म्हणून ही बाई तिथे सारखी खुरपत असते. एकदा तर त्या शेतावर गेल्या असताना मी कुदळ मारून बघितली. दगड निघाले.

त्यांच्या आणखी दोन खोडी होत्या. गावात कोणाचंही लग्न असो, हळद कुटायला मुसळाला हात लावायची वेळ आली की सासूबाई गायब. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नवरा ओटीवरच्या खाटेवर जिवंत बसलेला, तरी सवाष्णींच्या घोळक्यात ही बाई नाही. शोधायला जावं तर मागच्या चुलवणापाशी वाल सोलत बसलेली. विचारलं तर म्हणायच्या, "हात दुखतो." त्याच हाताने दुसऱ्या दिवशी लाकडं फोडायच्या.

दुसरी खोड म्हशाच्या जत्रेची. थंडीत आम्ही जीप करून म्हशाला जातो, देवाला नारळ वाढवतो, एखादी घोंगडी घेतो. मुरबाडच्या अलीकडे एक फाटा लागतो. तो फाटा यायच्या आधी सासूबाई पदर नाकापर्यंत पुढे ओढायच्या आणि फाटा मागे पडला की पुन्हा मागे सारायच्या. त्यांचं माहेर त्याच बाजूचं. तेव्हा माहेरच्यांशी जमिनीवरून फाटलं असणार, असा निकाल मी देऊन टाकला होता. सासूबाईंना विचारायची सोय नव्हती. त्या उत्तर द्यायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या.

ह्या सगळ्याचा उलगडा झाला तो धाकटीच्या लग्नात.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. माझ्या दिराला हायवेवर ट्रकने उडवलं तेव्हा तिच्या हातातला लग्नाचा चुडासुद्धा जुना झाला नव्हता. मूलबाळ नाही, माहेरी विचारणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे ती आमच्यातच राहिली. पहिल्या वर्षी गाव तिच्या साडीचा रंग तपासत होतं. मग ती आटगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. कारखान्याने निळा ड्रेस दिला, डोक्यावर टोपी दिली आणि रंगाबद्दलची तक्रार एकदम बंद झाली. पगाराला सुतक नसतं, हे मी तेव्हा शिकले. पुढे तिने टिकली लावली तेव्हा लोक म्हणाले, बाहेर कामाला जाते, लावावी लागते. एका संक्रांतीला बचत गटाने तिलाही वाणाला बोलावलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. कारण बोलावणारी बाई त्याच वर्षी निवडणुकीला उभी राहणार होती, आणि राहिलीच.

मग आमच्या बोअरची मोटार जळली. डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा माणूस मोटारी बांधून देतो, तो आला. चाळिशीला टेकलेला, धाकट्या भावाबहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेलं. मोटार बांधली, खाली सोडली, चहा घेतला, गेला. पुन्हा जळली. पुन्हा आला. एका हंगामात तीच मोटार तिसऱ्यांदा जळाली तेव्हा मी यांना म्हटलं, "मोटार जळते म्हणून तो येतो, की तो येतो म्हणून मोटार जळते?" हे म्हणाले, "व्होल्टेज कमी हाय." पुरुषांना सगळं व्होल्टेजच वाटतं.

एका रविवारी धाकटीने माझ्यापुढे ब्लाउजपीस ठेवला. मोरपंखी रंगाचा. म्हणाली, "ताई, मागून गळा जरा खोल घ्या. आनि गोंडे लावा."

मी टेप खाली ठेवली. नवरा गेल्यापासून ह्या बाईने मागच्या गळ्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

"मोटारवाला?" मी विचारलं.

"तुमाला कसं कळलं?"

"व्होल्टेज कमी झालं ना."

ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले आणि मला माझ्या जिभेची लाज वाटली. ती म्हणाली, "त्यो लगीन कराया बघतो. माझ्याबी मनात हाय. पन ह्या घरातनं जायचं तर ह्याच दारातनं, मांडवाखालनं जाईन. मला पळून नाय जायचं, ताई. मी काय चोरी केली नाय."

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, ही गेली तर सकाळच्या भाकऱ्या कोण थापणार? हे मी मुद्दाम लिहिते. कारण बाकीच्यांच्या मनात काय काय आलं असेल, याचा अंदाज मला माझ्या मनावरूनच येतो.

यांना सांगितलं तर हे लगेच म्हणाले, "बरं होईल. करून देऊ." एवढ्या लगेच? आमचे हे बाजारात मिरच्या घेताना दोन फेऱ्या मारतात. मोठा रस्ता जवळून गेल्यापासून आमच्या माळरानाला भाव आलाय, एजंट लोक पॉलिश केलेले बूट घालून बांधावरून फिरतात, आणि दिराचा वाटा धाकटीच्या नावावर आहे. मी सरळ विचारलं, "ती दुसऱ्या घरी गेली की वाटा सोडेल, असं धरून चाललात ना?"

यांनी सुपारी कातरून अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "मनात आलं नाय असं नाय. पन त्याच्यापायी हो म्हनलं नाय."

मी त्यावर विश्वास ठेवला की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वाट्याचं मात्र मी धाकटीला बजावून ठेवलं की, कोणी कितीही गोड बोललं तरी कशावर सही करायची नाही.

राहिल्या सासूबाई. त्या रडतील, मेलेल्या मुलाचं नाव काढतील, असं मला वाटलं होतं. त्यातलं काही झालं नाही. तांदूळ पाखडता पाखडता त्या म्हणाल्या, "लगीन लावा. मी काय नाय म्हनत नाय. पन पाट लावा. आमच्यात तसाच हाय."

पाट म्हणजे काय ते नव्या वाचकाला सांगायला हवं. आमच्या आजीपणजीच्या काळात विधवा बाईने दुसरं घर करायला आमच्या समाजाची ना नव्हती. त्याला पाट लावणं म्हणत. पण तो लावायचा अंधारात. मांडव नाही, हळद नाही, वाजंत्री नाही. सवाष्णींनी त्या बाईचं तोंडसुद्धा बघायचं नाही. पुढे लोक कल्याण-ठाण्याला नोकरीला लागले, तिथल्या शेजारपाजाऱ्यांचं बघून आले आणि म्हणाले, चांगल्या घरांत असलं काही करत नाहीत. झालं, पाटही बंद. एखादुसरी सोडली तर माझ्या आईच्या पिढीतल्या विधवा तशाच म्हाताऱ्या झाल्या. आणि आता तालुक्याच्या ठिकाणी विधवेचं लग्न लावलं की हार घालतात, फोटो काढतात. म्हणजे आजीला चालत होतं ते आईला पाप झालं, आणि तेच आता मुलीला धाडस झालं. बाई तीच, गरज तीच. कोण ठरवतं हे, आणि कुठे बसून ठरवतं, याचा मला कायम संशय येत आलाय.

आमच्या गावापुरतं सांगायचं तर ते मारुतीच्या देवळात बसून ठरवतात. तिथे गावकी भरते. पुरुष सतरंजीवर, बायका पायरीच्या खाली. गावकीचा कारभार एका म्हाताऱ्याकडे आहे. नात्याने तो सासूबाईंचा दीर लागतो. त्याने चष्मा पुसला आणि सासूबाईंचंच पुन्हा सांगितलं, की पाट लावा, गावाची हरकत नाय. वर एक कलम स्वतःचं जोडलं. "पोरगा कुवारा हाय. कुवाऱ्यानं अशा बाईशी लगीन लावायचं तर आदी रुईशी लगीन लावाया लागतं. पयला लगीन झाडाशी. मंग हिच्याशी झाला तो त्याचाबी दुसरा. दोगंबी सारके."

तरण्या मुलांच्या मंडळाचा एक अध्यक्ष आहे. तो ताडकन उठला. रुईबिई म्हणजे मागासलेपणा, म्हणाला. आपण शहापूरला हॉल घेऊ, मोठे पाहुणे बोलावू, बॅनर लावू, तालुक्यात नाव होईल. बोलताना तो धाकटीकडे एकदाही बघत नव्हता, मोबाईलकडे बघत होता. बॅनरवर तिचा फोटो छोटा येणार आणि याचा मोठा, हे मी तिथेच मनातल्या मनात शिवून टाकलं.

दोन्ही बाजू हमरीतुमरीवर आल्या. एकाला तिला अंधारात लपवायची होती, दुसऱ्याला दिव्याखाली उभी करायची होती. तेवढ्यात पायरीखालून धाकटी बोलली. गावकीत बाईने बोलायची रीत नाही, त्यामुळे सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

"मला लपूनबी नको आनि फोटूतबी नको. चारचौघींचं होतं तसं साधं लगीन पायजे. आंगनात, उन्हात."

"मंग मांडवाला गाव येनार नाय," म्हातारा म्हणाला.

ही धमकी बाहेरच्याला कळणार नाही. मांडव काय, भाड्याने मिळतो, कोणीही म्हणेल. पण आमच्याकडे मांडवाच्या दिवशी घरटी एक माणूस जांभळीची फांदी घेऊन येतो, आणि त्या फांद्यांनी मांडव शाकारतात. ज्या घराची फांदी नाही, त्या घराने ते लग्न मानलं नाही. एकही फांदी आली नाही तर ती बाई आयुष्यभर लग्न न झालेलीच. उद्या सणावाराला ह्या गावात आली तरी तिच्याकडे बघून बायका कुजबुजणार. धाकटीला हेच घर माहेर म्हणून हवं होतं. दुसरं तिला नव्हतंच.

पुढचे काही दिवस निरोपांची ये-जा झाली. शेवटी यांनी मध्यस्थी करून तोडगा काढला. मांडव अंगणात, उन्हात, गाव फांद्या आणणार. बदल्यात मोटारवाल्याने मांडवाच्या सकाळी रुईशी लग्न लावून घ्यायचं. तो बिचारा हसत तयार झाला. "झाडाशी तर झाडाशी. मानसांपरीस गरीब असतंय," म्हणाला. धाकटीनेही मान हलवली. तिला मांडव हवा होता. अध्यक्ष नाराज झाला, पण जेवायला येतो म्हणाला. सगळे खूष झाले की मी बिचकते. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांचं तोंड रागाने लाल झालं होतं, आणि मी मनात म्हटलं, हिला धाकटीचं सुख बघवत नाही. हीच काहीतरी घोळ घालणार.

घोळ त्यांनीच घातला.

मांडवाच्या दिवशी सकाळी अंगण सारवलेलं, उंबराची मेढ पुरलेली. आमच्या जमिनीत रुई नव्हतीच, ती दुसऱ्याच्या बांधावरून मुळासकट उपटून तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावून आणली होती. मेढीजवळ तो डबा ठेवला. त्याच्या कडेला कुंकू, वाटीत ओली हळद. मोटारवाला टॉवेल गुंडाळून नवरदेवासारखा उभा. गावचे पुरुष हातात फांद्या घेऊन कुंपणापाशी रांगेने. म्हाताऱ्याने ताशावाल्याला खूण केली आणि स्वतः वाटीत बोटं बुडवली, रुईच्या पानाला हळद लावायला.

ताशावर पहिली काडी पडली आणि सासूबाई माजघरातून बाहेर आल्या. पदर खोचलेला, हातात विळा. कोणाला काही कळायच्या आत त्यांनी रुईवर वार घातला. एकदा, दोनदा. पांढरा चीक म्हाताऱ्याच्या धोतरावर उडाला. रुई डब्याबाहेर आडवी पडली.

"मोडता घातला!" म्हातारा ओरडला. "भर मांडवात मोडता घातला! आता कसला मांडव न् कसला काय!" पुरुषांनी फांद्या खाली केल्या. दोघेतिघे वळले सुद्धा. दारात धाकटी उभी होती, ती उंबऱ्यावर मटकन बसली.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी सासूबाईंचं मनगट धरलं आणि म्हटलं, "तुम्हाला तिचं लग्न मोडायचंच होतं ना? मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्यांनी मनगट सोडवून घेतलं नाही. त्या माझ्याकडे न बघता आडव्या पडलेल्या रुईकडे बघत बोलायला लागल्या. त्यांची बोली मुरबाडकडची, रागात ती जास्तच दाट होते.

"मना ह्याच्या आदी एक घर होता. त्या घरच्याला भातात पान लागला नि गेला. मना तवा कायबी समजत नव्हता. मंग हिकडं दिली. ह्यो कुवारा. ह्याच आंगनात, ह्याच जाग्यावर रुईला मांडव घातला. रुईला हळद लावली. ताशा वाजला, गाव जेवला. आनि मना रातचा आनला, मागच्या दारानं, तोंड झाकून. बाया भिताडाकडं तोंड करून उभ्या." त्यांनी विळ्याचं टोक रुईला टेकवलं. "हळद हिला लागली, पोरी. मना नाय."

भातात पान लागणं म्हणजे भाताच्या खाचरात साप चावणं. एवढंच मी समजून घेत राहिले, कारण बाकीचं एकदम समजून घ्यायला छाती होत नव्हती. पहिलं सासर. जत्रेच्या वाटेवरचा फाटा. हळद कुटायच्या वेळी दुखणारा हात. सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. बायकांच्या कंबरा मोजून मी गावाची लफडी ओळखते, आणि ज्या बाईच्या हातचं इतकी वर्षं जेवले तिच्या बाबतीत मी कुंपणाशी कुदळ मारून आले होते. मला तिथल्या तिथे मरणाची शरम वाटली.

सासूबाई म्हाताऱ्याकडे वळल्या. "भावजी, तुमी होतात ना? तवा चड्डीत होतात. रुईफुडं ताशा कुनी वाजवला?"

म्हातारा धोतरावरचा चीक नखाने खरवडत राहिला.

मी हळूच विचारलं, "मग आई, तुम्हीच तर पाट लावा म्हणत होतात."

"म्हनत होती." त्यांनी विळा खाली ठेवला. "ही उन्हात गेली, तर माजा काय चोरीचा होता? मी मुकाट केला. सांगितला तसा केला. गावानं म्हनला, ह्याच बरा हाय, तर मी म्हनला, असंल. आता म्हनतात उन्हात चालतंय. मंग तवा का नाय चालला?"

गावकीतले पुरुष फांद्यांची पानं खुडत राहिले. अध्यक्ष नेमका त्याच वेळी मोबाईल खिशात घालत होता. ओटीवर खाटेवर सासरे बसले होते. त्यांना कानाने फार कमी येतं. एवढा दंगा कशाचा, असं त्यांनी दोनदा विचारलं होतं. रुईचे पहिले नवरदेव तेच. त्यांना आठवत होतं की नाही, सगळा जन्म बायको विळा घेऊन का फिरते हे त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं कळलं होतं.

धाकटी उठली. अंगणात आली, कापलेली रुई उचलली आणि उकिरड्यावर टाकून आली. हात धुतले. मग कुंपणापाशी जाऊन म्हाताऱ्यासमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. फांदी द्या, म्हणून.

म्हाताऱ्याने फांदी तिच्या हातात दिली नाही. स्वतःच पुढे आला आणि मांडवावर टाकली. "ऊन चढलाय," म्हणाला, "हात चालवा." ही शरम होती, की बहुसंख्य लोकांचं वारं कुठल्या बाजूला फिरलंय ते त्याने ओळखलं, हे मी सांगू शकत नाही. त्याच्यामागून बाकीचे आले. सगळे नाही आले. काही घरं तशीच परत गेली, त्यातला एक तर फांदीही बरोबर घेऊन गेला, जणू घरी त्याची भाजी होणार होती. पण मांडव झाला. पूर्वेच्या कोपऱ्यात शाकारणी विरळ राहिली आणि तिथून ऊन खाली पडत होतं.

दुपारी डोळखांबकडची पाहुणेमंडळी आली. जेवणं उठली. मी पानं उचलत होते तेव्हा म्हातारा पाहुण्यांना सुपारी देता देता सांगताना ऐकला, "आमच्या गावात पयल्यापासनं भेद नाय. बाईमानसाला आमी मान देतो, ती आमची रीतच हाय." पाहुणे माना डोलवत होते. सकाळी ज्याच्या धोतरावर चीक उडाला तोच माणूस, धोतर बदलून बसलेला. आमच्या गावात रीत सकाळी एक असते आणि जेवणं उठली की दुसरी, आणि दोन्ही पहिल्यापासूनच्या असतात. अध्यक्षाने तोवर मांडवाचा फोटो स्टेटसवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, गावाचं क्रांतिकारी पाऊल. पाऊल कोणाचं, ते लिहायला जागा पुरली नसावी.

मला राग आला, पण कामं इतकी होती की नीट रागवायलाही उसंत नव्हती.

उन्हं कलायच्या आधी हळद लावायची होती. धाकटीचा तोच हट्ट, उजेडात. तिला चौरंगावर बसवलं. गोंड्यांचा मोरपंखी ब्लाउज घातला होता, पाठीवर गोंडे हलत होते. सवाष्णी मुसळाला हात लावून गाणं म्हणत होत्या. थोड्या कमी होत्या, काहींना सासूने पाठवलं नव्हतं. आमच्या सासूबाई सवयीप्रमाणे मागच्या चुलवणापाशी वाल सोलत बसल्या होत्या. सकाळी एवढं बोलल्या, म्हणजे आता येतील असं मला वाटलं होतं. नाही आल्या. सवय काही एका सकाळीत सुटत नाही.

हळदीची वाटी भरली. मी पहिलं बोट बुडवणार, तोच धाकटीने माझ्या हातातून वाटी घेतली आणि चौरंगावरून उठली. नवरीने हळदीवरून उठायचं नसतं. बायकांचं गाणं थांबलं. ती मागे चुलवणाकडे गेली, सासूबाईंपुढे उकिडवी बसली.

"आई, आदी तुमाला. मग मला."

"खुळी का काय तू? मना कशाला? आता काय उपेग त्याचा?" सासूबाईंनी दोन्ही हात वर केले. हात वालाच्या सालांनी भरलेले होते. धाकटीने ऐकलं नाही. दोन्ही गालांना लावली, कपाळाला लावली, दंडाला लावली. मी दाराआडून बघत होते. आता ही बाई पदराने पुसून टाकणार, अशी माझी खात्री होती. त्या तशाच बसून राहिल्या, डोळे मिटून. मग उठल्या. मला वाटलं, मोरीकडे चालल्या तोंड धुवायला.

त्या मोरीकडे गेल्या नाहीत. भर मांडवातून, सगळ्या बायकांच्या आणि पाहुण्यांच्या देखत, चालत ओटीवर सासऱ्यांच्या खाटेपाशी गेल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

सासऱ्यांनी डोळे बारीक केले. "हळद झाली का गो? कोनाला लागली?"

सासूबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. सासऱ्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांना मोठ्याने बोलावं लागतं, तेव्हा ते सगळ्या मांडवाने ऐकलं.

"मना," त्या म्हणाल्या. "मना लागली."